‘आहे त्या स्थितीत’ मिळालेलं लँडिंग शिप

फेब्रुवारी 2025 मध्ये कारवारच्या नौदल तळावर ‘गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात गेली. व्यवहाराचे शब्द होते ‘आहे तिथे, आहे त्या स्थितीत’. मग तिला ओढत विजयदुर्गला आणलं. निवतीच्या खडकांजवळ तळाशी बसवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, असा बेत आहे आणि त्यासाठी केंद्राने 46.91 कोटी रुपये दिलेत. बातम्या पुष्कळ आल्या, पण बहुतेकांनी ‘जुनी युद्धनौका’ म्हणून विषय संपवला. गुलदार हे लँडिंग शिप, म्हणजे सैनिक आणि गाड्या उतरवायला पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) मुद्दाम चढण्यासाठी बांधलेलं जहाज आहे, हे त्यात राहूनच गेलं. जे जहाज धंदा म्हणून वाळूवर पोट घासत आलंय, ते दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा ‘आहे त्या स्थितीत’ या तीन शब्दांत बरंच काही लपलेलं असतं.

आधी थोडी वंशावळ. आपल्याकडचं पहिलं मोठं लँडिंग शिप हे वापरलेलंच होतं. ब्रिटिशांचं ‘अ‍ॅव्हेंजर’ हे एलएसटी (रणगाडे उतरवणारं लँडिंग शिप) 1949 मध्ये आलं आणि ‘मगर’ झालं. 1966 मध्ये पोलंडहून ‘घडियाल’ आणि पहिली ‘गुलदार’ आली, सत्तरीच्या दशकात ‘घोरपड’, ‘केसरी’, ‘शार्दूल’, ‘शरभ’ आणि ऐंशीच्या दशकात ‘चीता’, ‘महिष’, दुसरी ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’. नावं ठेवणाऱ्याला नावं ठेवायला जागा नाही: मगर, घडियाल, घोरपड, कुंभीर, सगळी पोट घासत काठावर येणारी जनावरं. विजयदुर्गला आलेली ही दुसरी गुलदार. ग्दिनियाच्या गोदीत खास आपल्यासाठी बांधलेली, 30 डिसेंबर 1985 ला नौदलात दाखल झालेली आणि 12 जानेवारी 2024 ला पोर्ट ब्लेअरला चीता आणि कुंभीरसोबत निवृत्त झालेली. लांबी सुमारे 84 मीटर, रुंदी 9.7 मीटर, वजन 1100 टनांच्या आसपास. म्हणजे मिरकरवाड्याच्या मोठ्या ट्रॉलरपेक्षा लांबीला चौपट, पण तळ परातीसारखा सपाट.

हा सपाट तळ कामाला कसा येतो ते कळल्याशिवाय झीज कुठे होते ते कळत नाही.

पुळणीला लागताना जहाज पुढून हलकं आणि मागून जड ठेवतात. नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाणी कमी लागावं आणि मागचे पंखे (प्रोपेलर) मात्र खोल राहावेत, यासाठी. समजा नाळेशी 1 मीटर पाणी लागतंय आणि मागे 2.2 मीटर. 80 मीटर लांबीत 1.2 मीटरचा फरक, म्हणजे तळाचा उतार साधारण 67 ला 1. आता पुळणीचा उतारही एवढाच किंवा याहून जास्त असेल तर नाळ आधी टेकते आणि रॅम्प गुडघा-मांडीभर पाण्यात उघडतो. पण पुळण 100 ला 1 अशी सपाट असेल तर घोळ होतो. जिथे 2.2 मीटर पाणी आहे तिथे मागचा भाग आधी बसतो. नाळ त्याच्या 80 मीटर पुढे, 1.4 मीटर पाण्यात, तरंगतच राहते. म्हणजे पंखे वाळूत आणि जवान छातीभर पाण्यात. मुरूड-कर्देची पुळण पाहिली की पर्यटकाला लांबच लांब सपाट वाळू दिसते. लँडिंग शिपच्या कप्तानाला तीच सपाटी नकोशी वाटावी, असं हे गणित आहे.

त्यात वाळूचा दांडा. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि थोडं आत पाण्याखाली तिचा आडवा दांडा रचतात. दांड्याच्या अलीकडे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, चर पडते. दिवाळीनंतर ही वाळू हळूहळू पुळणीवर परत येते. कोकणातला कोणताही तांडेल (होडीचा प्रमुख) हे सांगेल आणि सप्टेंबरात होडी काठाला आणताना तो वाट वाकडी करून येतो ते याचसाठी. लँडिंग शिप दांड्यावर टेकलं की कप्तानाला वाटतं, लागलो. दोरीला बांधलेलं वजन टाकून खोली पाहिली तर रॅम्पच्या टोकाशी पाणी कंबरभरच. पण पुढच्या चरीत डोक्यावरून जाईल एवढं. डिसेंबर 1971 मध्ये कॉक्स बझारच्या मोहिमेत पहिल्या गुलदार-घडियालच्या वेळी हेच घडलं. रॅम्पवरून उतरलेल्यांतले काही जवान बुडाले, उतरणं थांबवावं लागलं आणि बाकीच्यांना लहान होड्यांतून काठावर न्यावं लागलं. धडा साधा आहे. रॅम्पच्या टोकाशी खोली मोजून भागत नाही, टोकापासून कोरड्या वाळूपर्यंतची सगळी वाट मोजावी लागते. त्यासाठी आधी पोहणारे पाठवायचे आणि दर पाच-दहा पावलांवर वजन टाकायचं. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते टाळलं जातं.

मागचा नांगर ही या जहाजांची खरी खूण. काठ अजून दोन-चार जहाजलांब्या दूर असतानाच मागून नांगर सोडतात, तार सोडत पुढे जातात, टेकतात. परतताना विंच ती तार ओढते आणि पंखे उलटे फिरतात. तार नेहमी ताणात ठेवायची, हा पहिला नियम. ढिली पडली की ती पंख्यात जाते आणि मग जहाज पुळणीवर आडवं. आडव्या जहाजाला प्रत्येक लाट आणखी वर ढकलते.

पाण्याची वेळ चुकली तर काय होतं याचाही अंदाज आकड्यात घ्यावा. गुलदारएवढ्या जहाजाचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ ढोबळमानाने 600 चौरस मीटर. म्हणजे ओहोटीला पाणी 1 सेंटीमीटर उतरलं की जहाजाचा सुमारे 6 टन भार वाळूवर येतो. 30 सेंटीमीटर उतरलं की 180 टन. मग विंच आणि उलटे पंखे दोन्ही मिळून कमी पडू लागतात. म्हणून चढत्या पाण्यावर, साधारण अर्ध्या-पाऊण भरतीला लागायचं, सामान उतरवता उतरवता जहाज हलकं होतं आणि भरती त्याला उचलून देते. उधाणाच्या अगदी शिगेच्या पाण्याला लागलेलं जहाज म्हणजे आफत. पुढची प्रत्येक भरती थोडी कमी, मग भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती, आणि सुटका थेट पंधरा दिवसांनी पुढच्या उधाणाला. अमावास्येच्या भरतीला चुकून वर चढलेली होडी पौर्णिमेपर्यंत तिथेच बसते, हे किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही.

आता हेच काम शेकडो वेळा केलेलं जहाज डोळ्यासमोर आणा. ते विकत घेणाऱ्याने कुठे बघायचं?

तळ. ड्राय डॉकमध्ये तळाखाली वाकून बॅटरीचा उजेड आडवा टाकायचा. भाकड गुराच्या बरगड्या दिसाव्यात तशा आतल्या फ्रेमा बाहेरून उमटलेल्या दिसतात. वाळूच्या दाबाने फ्रेमांमधला पत्रा आत गेलेला असतो. नुसता पोचा असेल तर फारसं बिघडत नाही. पण पत्रा आत गेला की फ्रेमेशी असलेली आतली वेल्डिंग तडकते आणि तडा आतूनच बघावा लागतो. रंग खरवडून अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजतात, प्रत्येक प्लेटवर पाच-सहा ठिकाणी. मूळ जाडीचा पाचवा-चौथा हिस्सा गेला असेल तर प्लेट बदलायची तयारी ठेवावी. गेज येण्याआधीही जुने लोक हातोडी मारून सांगायचे: चांगला पत्रा टण्णकन वाजतो, खाल्लेला थबकन बसतो. आजही गेज कुठे लावायचा ते हातोडीच दाखवते.

पाणी आत घेणारी तोंडं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं आणि पुळणीवर टेकलेलं जहाज पाण्याबरोबर वाळू पितं. गाळणी तुंबते, पंपाचे पंखे झिजतात, कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी धातू पातळ होत जातो. नंतर कधीतरी भर समुद्रात इंजिन तापतं आणि लोक इंजिनात दोष शोधत बसतात. विकत घेताना कूलरची झाकणं उघडून नळ्यांची तोंडं बघितली तर अर्धा इतिहास तिथेच वाचता येतो.

नाळेचे दरवाजे आणि रॅम्प. बिजागऱ्यांच्या पिना, रॅम्पच्या तारा, दरवाजाभोवतीचं रबर. दरवाजा बंद करून आतून दिवा लावायचा आणि बाहेरून फट शोधायची, किंवा सांध्यावर खडू लावून दरवाजा दाबायचा आणि रबरावर रेघ अखंड उमटते का बघायचं. तुटक उमटली तर चौकट पिळलेली आहे. नवं रबर घालून पिळलेली चौकट सरळ होत नाही, पण विकणारा रबर बदलून, वर रंग मारून मोकळा होतो.

आणि बॅलास्ट टाक्या, म्हणजे जहाज हलकं-जड करायला समुद्राचं पाणी भरायच्या टाक्या. माझ्या मते सगळ्यात महाग दुखणं हेच. लँडिंग शिपच्या टाक्या सतत भरतात आणि रिकाम्या होतात. खारं पाणी, मग दमट हवा, पुन्हा खारं पाणी. टाकीत गंज रोखायला लावलेले झिंकचे ठोकळे पाण्यात बुडालेले असतील तेवढाच वेळ पत्रा वाचवतात. टाकी रिकामी झाली की त्यांचा उपयोग शून्य. म्हणून टाकीचा तळ बरा दिसतो आणि छताची खालची बाजू, जिथे कुणी मान वर करून बघत नाही, तिथे गंजाचे पापुद्रे हाताने निघतात. वरून नुकताच रंग मारलेलं जहाज आणि आत न उघडलेल्या टाक्या, ही जोडी दिसली की भाव पाडावा किंवा परत फिरावं.

ऑस्ट्रेलियाने हा धडा पैसे मोजून घेतला. 1994 मध्ये त्यांनी अमेरिकेची ‘सॅगिनॉ’ आणि ‘फेअरफॅक्स काउंटी’ ही न्यूपोर्ट वर्गातली दोन एलएसटी 6.1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतली आणि त्यांची ‘कनिम्बला’ आणि ‘मनूरा’ केली. हा वर्ग विचित्र देखणा होता. नाळेत दरवाजे नाहीत, वर बैलाच्या शिंगांसारखे दोन बाहू, आणि त्यांच्यावरून पुढे सरकणारा 34 मीटर लांबीचा रॅम्प. नाळ टोकदार राहिल्यामुळे जहाज 20 नॉट पळायचं. ऑस्ट्रेलियाने ती शिंगंच काढून टाकली, हेलिकॉप्टरची सोय केली आणि पुळणीवर चढण्याचं कामच बंद केलं. पण जहाजं उघडल्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गंज निघाला. दुरुस्ती आणि बदलांचा खर्च खरेदीच्या कित्येक पट झाला आणि जहाजं कामाला लागेपर्यंत दशक संपत आलं. पुढे त्यांनी चांगली सेवाही दिली. पण सप्टेंबर 2010 मध्ये दोन्ही थांबवावी लागली आणि फेब्रुवारी 2011 मध्ये ‘यासी’ चक्रीवादळ आलं तेव्हा ऑस्ट्रेलियाकडे मदतीला धाडायला एकही धड लँडिंग शिप नव्हतं. त्यावर नेमलेल्या रिझ्झो समितीने देखभालीच्या पद्धतीवर आणि कमी पडलेल्या अभियंत्यांवर बोट ठेवलं. म्हणजे दोष नुसता जुन्या लोखंडाचा नव्हता. जुन्या लोखंडाला नव्यापेक्षा जास्त माणसं लागतात, हे हिशेबात धरलं गेलं नव्हतं.

घाईघाईत त्यांनी ब्रिटनचं ‘लार्ग्ज बे’ घेतलं, डिसेंबर 2011 मध्ये ते ‘शूल्स’ झालं. हे अवघं चार-पाच वर्षं वापरलेलं, तुलनेने तरुण. तरी जून 2012 मध्ये प्रोपल्शनचा (जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेचा) ट्रान्सफॉर्मर गेला आणि जहाज 2013 पर्यंत बसून राहिलं. वय कमी असलं की तपासणी हलकी करावी, असा मोह सगळ्यांनाच होतो.

आपली ‘जलाश्व’ हे याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं उदाहरण. अमेरिकेचं ‘ट्रेंटन’, सिएटलमध्ये बांधलेलं, 1971 मध्ये नौदलात दाखल झालेलं. 17 जानेवारी 2007 ला अमेरिकेने निवृत्त करून त्याच दिवशी भारताकडे दिलं आणि 22 जून 2007 ला नॉरफोकमध्ये ते ‘जलाश्व’ म्हणून दाखल झालं. किंमत दुरुस्तीसकट 4.8 कोटी डॉलरच्या आसपास, सोबत सहा सी किंग हेलिकॉप्टरं वेगळ्या पैशांत. वय तेव्हाच 36 वर्षं. हे पुळणीवर चढत नाही. याच्या पोटात सुमारे 51 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद हौद आहे. बॅलास्ट टाक्यांत हजारो टन पाणी घेऊन मागची बाजू खाली बसवतात, फाटक उघडतात, हौदात समुद्र शिरतो आणि आतली चार एलसीएम (गाड्या आणि जवान काठावर नेणारी) होडगी तरंगत बाहेर पडतात. सुईण असल्यासारखं जहाज. अर्थात बॅलास्ट टाक्यांचं वर सांगितलेलं दुखणं इथे दसपट.

या हस्तांतरणाची एक गोष्ट नीट झाली: जहाज गरम असताना हातात आलं. म्हणजे बॉयलर विझवून, पाइप सुकवून, वर्षानुवर्षं धक्क्याला बांधून ठेवलेलं घेतलं नाही. आपले लोक आधी जाऊन अमेरिकन खलाशांच्या शेजारी उभे राहून शिकले. थंड जहाज स्वस्त पडतं, पण त्याचे पंपांचे सील सुकतात, व्हॉल्व्ह जाम होतात, वायरींच्या आवरणाला चिरा जातात आणि मुख्य म्हणजे कोणता व्हॉल्व्ह अर्धा आटा उलटा फिरवल्याशिवाय नीट बसत नाही ते सांगणारा माणूस घरी गेलेला असतो. दुसरी जमेची बाजू वाफेची. जलाश्वला दोन बॉयलर, दोन टर्बाइन, 24,000 अश्वशक्ती. बहुतेक नौदलांनी तोवर वाफेला रामराम ठोकला होता. आपल्याकडे ‘विराट’ आणि काही जुनी फ्रिगेटं वाफेवर चालत होती, लोणावळ्याच्या ‘शिवाजी’त तयार झालेले वाफेचे जाणकार हाताशी होते. बॉयलरच्या पाण्यातला क्षार रोज मोजायचा, जराशी चूक झाली तर नळीच्या आत पापुद्रा धरतो, नळी तापते, फुगते, फुटते. हे अंगवळणी पडलेली माणसं नसती तर 4.8 कोटी डॉलरचं जहाज धक्क्याची शोभा झालं असतं.

टीकाही झाली आणि ती अस्थानी नव्हती. कॅगने 2008 मध्ये जहाजाच्या वयावर आणि करारातल्या अटींवर आक्षेप घेतले. आक्रमणासाठी वापरावर बंधन, वर विकणाऱ्याला येऊन तपासणी करण्याचा हक्क. घर विकून झाल्यावरही जुन्या मालकाने एक किल्ली खिशात ठेवावी, तसा प्रकार. मला विचाराल तर वयापेक्षा ही किल्ली जास्त खटकते. पण हेही खरं की मे 2020 मध्ये मालेहून 698 माणसांना कोचीला आणायला हेच म्हातारं जहाज गेलं. पोटात मोठा रिकामा हौद आणि माणसांची सोय असलेलं दुसरं काही तेव्हा आपल्याकडे नव्हतं.

आता थोडं बारीकसारीक, कारण गाडी अडते ती इथे. अमेरिकन जहाजाची वीज 60 हर्ट्झची, आपल्या धक्क्यावरची 50 ची. सरळ जोडली तर मोटर सहापैकी पाच हिश्श्यांच्या वेगाने फिरते, पंप कमी पाणी देतो आणि मोटर तापते. मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि तो प्रत्येक बंदरात नसतो. बोल्ट इंचात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्याला आपल्या स्टोअरमधला 12 मिलिमीटरचा नट चढतच नाही. उलट 12 चा बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात दोन-चार आटे फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि ताण आला की आटे सोडून देतो. रात्रपाळीला कुणी तो बसवून गेलं असेल तर सकाळी कुणाला कळत नाही. म्हणून ताबा घेताना इंचाच्या नटबोल्टांचे वेगळे रंगवलेले डबे जहाजावर हवेतच. पोलिश जहाजांवर हाच ताप भाषेचा. पाट्या आणि पुस्तकं परक्या भाषेत, आणि भाषांतर करणारा ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘कॉक’ यांत फरक न करणारा.

सुट्या भागांचं तर विचारूच नका. विकणारं नौदल स्वतःच तो वर्ग मोडीत काढत असतं, त्यामुळे कारखाने बंद होत आलेले असतात. शहाणा खरेदीदार जहाजाबरोबर त्याच्या भावंडांचे अवयवही मागून घेतो.

बंद टाक्यांचा धोका मात्र नटबोल्टांसारखा सावकाश कळत नाही. 1 फेब्रुवारी 2008 ला जलाश्ववर हायड्रोजन सल्फाइडची गळती होऊन एक अधिकारी आणि पाच नौसैनिक गेले. हा वायू कोणत्याही जहाजाच्या सांडपाण्याच्या किंवा साचलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तयार होऊ शकतो. हवा न मिळालेल्या पाण्यातले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या पुढे गेला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि पाचशे-सातशेच्या पुढे माणूस जागीच कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. या अपघातांत बळींची संख्या एकावर थांबत नाही ती यामुळे. क्रम पाठ असावा: झाकण उघडायचं, पंख्याने हवा खेळवायची, पंखा थांबवून वर-मध्ये-खाली तीन पातळ्यांवर मोजायचं, आधी प्राणवायू, मग स्फोटक वायू, मग विषारी. बाहेर एक माणूस दोरी धरून, आणि त्याला उतरायची सक्त मनाई. गावात विहिरीतला गाळ काढायला उतरणाऱ्यांचंही गणित हेच आहे, तिथे निदान कंदील सोडून बघायची रीत होती, पण कंदील फार तर प्राणवायूचं सांगतो, या विषाचं नाही.

इतर हस्तांतरणं पटकन सांगतो. ब्राझीलने ब्रिटनचं ‘ओशन’ 2018 मध्ये घेतलं. मलेशियाचं ‘श्री इंद्रपुरा’, मूळचं अमेरिकन ‘स्पार्टनबर्ग काउंटी’, 2009 मध्ये लुमुटला धक्क्यावरच जळालं. आणि फिलिपिन्सचं ‘सिएरा माद्रे’: अमेरिकेसाठी ‘हार्नेट काउंटी’, दक्षिण व्हिएतनामकडे ‘मी थो’, 1976 पासून फिलिपिन्सचं, आणि 1999 मध्ये एका वादग्रस्त प्रवाळावर मुद्दाम चढवून ठेवलेलं. आजही ते नौदलात दाखल असलेलं जहाज म्हणूनच तिथे गंजत उभं आहे. पुळणीवर चढायला बांधलेलं जहाज शेवटी चढलं ते कायमचं.

विजयदुर्गाला तर हे सगळं नवं नाहीच. फेब्रुवारी 1756 मध्ये घेरियाच्या (विजयदुर्गाचं जुनं नाव) बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा आग आधी लागली ती ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला, आणि ते आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेलं होतं. वाघोटणच्या खाडीतली आरमारी गोदी अजून दाखवता येते. गुलदार आली त्या पाण्यात जहाजांनी मालक बदलणं ही जुनी रीत आहे.

राहता राहिलं तिला तळाशी बसवणं. लोक समजतात, बुडवायला काय लागतं? लँडिंग शिप सरळ बुडवणं हे भलतं अवघड काम आहे, आणि त्याचं कारण तिच्या रचनेतच आहे. नाळेपासून मागपर्यंत गाड्यांसाठी एकच सलग मोकळा हॉल, मध्ये भिंत नाही. समजा 50 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद हॉलमध्ये घोटाभर, 10 सेंटीमीटर पाणी शिरलं. ते 30 टन झालं. जहाज जरा कललं की हे 30 टन एका बाजूला धावतात, जहाज आणखी कलतं, आणि खेळ संपतो. फ्लोरिडात की लार्गोजवळ 2002 मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाचं 155 मीटरचं जुनं लँडिंग शिप कृत्रिम प्रवाळासाठी बुडवायला नेलं. ते वेळेआधीच बुडालं आणि उलटं होऊन नाळ पाण्याबाहेर काढून बसलं. मग खर्च करून ते कुशीवर पाडलं आणि 2005 मध्ये ‘डेनिस’ चक्रीवादळाने फुकटात सरळ केलं.

म्हणून क्रम असा हवा: आधी खालच्या टाक्या दोन्ही बाजूंनी सारख्या भराव्यात, म्हणजे वजन तळाशी बसतं. त्यानंतर इंजिनरूम. गाड्यांचा हॉल सगळ्यात शेवटी, आणि भरायला लागला की थांबायचं नाही, झटकन भरू द्यायचा. त्याआधी पाणी शिरायला खाली आणि हवा निघायला वर, अशी दोन्हीकडे भोकं कापायची. वरची भोकं मोठी हवीत. एका बाजूला हवा अडकली की तीच बाजू वर राहते आणि जहाज आडवं होतं.

स्वच्छता तर त्याहून आधी. इंधनाच्या टाक्या नुसत्या उपसून भागत नाही, पाइपांच्या वळणात तेल राहतं, ते वाफेने किंवा गरम पाण्याने धुऊन काढावं लागतं. विंच आणि रॅम्पचं हायड्रॉलिक तेल, बॅटऱ्या, पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण, जुन्या वायरींचं आवरण, सैल पत्रे, काचा, लोंबत्या तारा. बुडी मारून बघायला येणाऱ्यांसाठी प्रत्येक खोलीला दोन वाटा कापायच्या आणि मधली दारं बिजागरीसकट काढून टाकायची, कारण खवळलेल्या पाण्यात झुलणारं लोखंडी दार माणसाचा हात तोडतं. तारकर्लीला डायव्हिंग शिकलेल्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं नितळ पाणी ठाऊक आहे. पण जहाजाला तिथे जून ते सप्टेंबरही काढायचा आहे. गुलदारसारख्या जहाजाच्या बाबतीत यात एक दार सगळ्यात महत्त्वाचं: नाळेचं. बंद ठेवलं तर पुढच्या हॉलमध्ये हवा अडकते. नुसतं उघडं सोडलं तर पहिल्याच पावसाळ्यात काही टनांची ती पाती लाटांच्या ओढीने आपटत राहतात, पिना तुटतात आणि कधीतरी खाली बुडी मारणारा माणूस असतानाच निसटतात. ते पूर्ण उघडून, जाड पट्ट्या आडव्या वेल्ड करून जखडायचं, आणि रॅम्प खाली टेकलेल्या स्थितीत तळाच्या वाळूवर सोडायचा.